पाहुण्याची नजर आणि सत्तेचा प्रश्न

अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले. त्या भेटीवरील 'माझा रशियाचा प्रवास' या प्रवासवर्णनाचे वाचन बहुधा दोन टोकांना होते: एक भाविक, दुसरे प्रचार म्हणून ते बाजूला सारणारे. या संहितेतील 'स्वातंत्र्य' या संकल्पनेचा नेमका आशय कोणता, हा प्रश्न दोन्ही वाचनांना पडत नाही.

वाटेगावच्या मांग समाजात जन्मलेल्या आणि मुंबईच्या झोपडपट्टीत राहिलेल्या लेखकाच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे प्रथमतः भूक व अवहेलना यांपासून सुटका. या अर्थाला भाबडेपणा म्हणणे हा पोटभरल्या समीक्षेचा उद्दामपणा होय. मात्र सत्तेला जाब विचारण्याचा अधिकार हा स्वातंत्र्याचा दुसरा अर्थ येथे मूक राहतो. 'फकिरा'मध्ये (१९५९) इंग्रजी सत्तेला ललकारणारा लेखक येथे पाहुणा आहे. आणि पाहुण्याला यजमान दाखवील तेवढेच घर दिसते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला; परंतु राज्यसंस्था कोसळली म्हणून सत्तासंबंध बदलतातच असे नाही. बाल्टिक देशांत निवडणुकांतून सत्तांतरे होत राहिली. बेलारूसमध्ये मात्र लुकाशेन्को १९९४ पासून सत्तेवर आहेत. अझरबैजानमध्ये २००३ साली पित्यामागून पुत्र राष्ट्राध्यक्ष झाला. सोव्हिएत दमनाच्या बळींच्या नोंदी जपणारी 'मेमोरियल' ही संस्था बरखास्त करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमण सुरू असताना, मॉस्कोतच अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हा गौरव यथोचितच; तथापि त्यामुळे लेखक पुन्हा एकदा राज्यसंस्थेचा पाहुणा ठरतो.

वसईत ही संहिता शिकवताना हा प्रश्न दूरचा राहत नाही. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेतील समावेशाला येथील अनेक गावांनी विरोध केला. त्या विरोधामागे सुविधा नाकारण्याची वृत्ती नव्हती. निर्णय कोणी घ्यायचा, हा मूळ मुद्दा होता. असा अनुभव घरात ऐकलेला विद्यार्थी प्रवासवर्णनातील सुबत्तेपाशी थांबत नाही. ती कोणाच्या निर्णयाने आली आणि कोणाच्या निर्णयाने काढून घेता येईल, असे तो विचारतो. हा प्रश्न अण्णा भाऊंच्या विरोधातला नव्हे. तो 'फकिरा'नेच आपल्याला शिकवला आहे. म्हणून या दोन संहिता शेजारी ठेवूनच वाचावयास हव्यात.