जातीचा पुकारा आणि बुद्धीचा प्रश्न

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या विदुषींनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्र व मानसशास्त्र यांचा मेळ घालून सामाजिक प्रश्नांना भिडणाऱ्या बोधनिक विज्ञानाचा हा लक्षणीय नमुना होय. म्हणूनच त्याची चिकित्सा आम्हांस अगत्याची वाटते.

सहावी-सातवीतील ३२१ सवर्ण व ३२१ दलित मुलांना कागदावरील भूलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली होती. जातीचा उल्लेख झाला नाही तेथे दोन्ही समूहांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. जेथे सर्वांदेखत प्रत्येकाची जात वाचून दाखविली, तेथे दलित मुले मागे पडली. जातवार वेगळे बसविले तेव्हा तर सवर्ण मुलांचीही कामगिरी घसरली. (गुणवत्तेच्या कैवाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.)

प्रयोगात मुली नाहीत, ही त्याची मोठी उणीव. शिवाय स्टील व अ‍ॅरन्सन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत मांडलेला तत्सम परिणाम पुढील मोठ्या पुनर्परीक्षणांत क्षीण ठरला आहे. कालाम सुत्त मानणाऱ्यांनी एकाच प्रयोगावर सारा भार टाकू नये.

आमचा खरा मतभेद निराळाच आहे. जागतिक बँकेच्या २०१५ च्या ‘मन, समाज आणि वर्तन’ या विकास अहवालात हा प्रयोग ‘मानसिक प्रतिमानां’च्या विवेचनात येतो. दोष मनात आहे असे म्हटले की उपायही दलित मुलाच्याच मनात शोधला जातो : त्याचा आत्मविश्वास वाढवा, त्याचे समुपदेशन करा. प्रयोग तर असे सांगत नाही. मुलांच्या मनात काहीही न बदलता, केवळ पुकारा टळल्याने अंतर उरले नाही. जात ही मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त प्रतिपादिले, परंतु त्या मनाला शास्त्रप्रामाण्याचा आधार आहे आणि घाव तेथेच घातला पाहिजे, हेही त्याच निबंधात दाखविले. बोधनिक विज्ञानाने ही दुसरी पायरी अद्याप गाठलेली नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. तोंडी परीक्षेत जात प्रत्यक्ष वा आडून विचारली जाते, अशी विद्यार्थ्यांची साक्ष त्यात नोंदलेली आहे. तेथे जात विचारणारा परीक्षक असतो आणि गुणही त्याच्याच हाती असतात. त्या परीक्षकाच्या मनाचा अभ्यास कोणी हाती घेतला, तर त्याचे आम्ही स्वागतच करू.