हे मेजा!

साठी उलटल्यावर मी लॅटिन शिकायला घेतलं, तेव्हा घरात ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीचं सामुदायिक पठण झालं. मी दाद दिली नाही. शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या माणसाला लॅटिनची कसली भीती? रामाची रूपं चोवीस. इथे द्विवचनच नाही आणि विभक्त्या सहा. म्हणजे एका नामाची रूपं अवघी बारा. निम्म्या भावात सौदा!

पुस्तक मिळालं ते केनेडीचं ‘रिव्हाइज्ड लॅटिन प्रायमर’, मूळ १८८८ सालचं. पहिलंच नाम ‘मेन्सा’, म्हणजे मेज. आपल्याकडे संबोधन बिचारं शेवटी येतं. इथे प्रथमेच्या पाठोपाठ हजर : ‘मेन्सा’, हे मेजा! लहानग्या चर्चिलनं मास्तरांना विचारलं होतं, मेजाला हाक कधी मारायची? उत्तर मिळालं, मेजाशी बोलताना. वर उद्धटपणाबद्दल तंबी.

माझाही आक्षेप तोच. कोष्टकं नेटकी, मांडणी चोख. पण वाक्यरचना उत्तरार्धात. तोवर ‘अमो, अमास, अमात’ (मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो) असं प्रेम करत राहायचं, कुणावर ते विचारायचं नाही! पंचमी तर आपल्या तृतीयेचं, पंचमीचं आणि बरंचसं सप्तमीचंही काम एकटी ओढते, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी. पण कोष्टकात तिला जागा सगळ्यांत शेवटची.

प्रत्ययांचा खरा जीव कळतो तो वाक्यात. ‘कानिस होमिनेम मोर्देत’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. शब्द हवे तसे उलटेपालटे करा, चावणारा कुत्राच. पण ‘कानेम होमो मोर्देत’ म्हटलं, की माणूस कुत्र्याला चावला! कुणी केलं आणि कुणाला सोसावं लागलं, याचा निवाडा शेवटच्या अक्षरात. एवढी एक गोष्ट पहिल्या पानावर सांगितली असती, तर कितीतरी पोरांचे कान वाचले असते.

आणि आता गंमत पाहा. हे पुस्तक मुख्यत्वे लिहिलं ते केनेडीच्या दोन मुलींनी, मॅरियन आणि ज्युलिया यांनी. हे अभ्यासकांनी उजेडात आणलं शंभरएक वर्षांनी. मुखपृष्ठावर वडिलांचंच नाव. केंब्रिजमध्ये वडील ग्रीकचे प्राध्यापक; त्याच केंब्रिजनं बायकांना पुरती पदवी दिली ती १९४८ साली. म्हणजे पोरांना जन्मभर कर्ता ओळखायला शिकवणाऱ्या पुस्तकात कर्त्याच गायब. उरली ती ‘केनेडीचं’ ही षष्ठी! लॅटिनमध्ये ‘स्क्रिप्सित’ म्हणजे लिहिलं. त्यानं की तिनं, ते क्रियापद सांगत नाही. आपलं ‘लिहिलं’ही तितकंच घुमं.

मी बाह्या सरसावून वडील केनेडींना चार शब्द सुनावायच्या बेतात होतो, एवढ्यात आतून आवाज आला, “चहा झाला हो!”

मी चपापलो. गेली पस्तीस वर्षं आमच्या घरी चहा ‘होतो’. जेवण ‘होतं’. पाहुण्यांचं ‘होतं’. कर्ता कधी लागलाच नाही.

“कुणी केला?” मी विचारलं.

“मेजाला विचारा!” आतून उत्तर आलं.