सरस कोणी उकळला?

आमच्या भिवंडीत 'साईझिंग' हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला कांजी पाजतात, ते साईझिंग. माझ्या बापाची उमर त्या वाफेत गेली. पुढं चित्रकलेच्या वर्गात मास्तर म्हणाले, तैलचित्राच्या कॅनव्हासलाही आधी साईझ करतात, नाहीतर तेल कापडाला खातं. मी विचारलं, कशानं? म्हणाले, सरसानं. सरस कशाचा असतो? म्हणाले, तू चित्र काढ.

सरस ढोराच्या कातड्याचा. उकळून काढलेला. माझी समीक्षा तिथून सुरू होते.

१८५७ ला मुंबईत जे. जे. स्कूल निघालं. विलायती पद्धतीचं शिक्षण आलं. जे. जे.त धुरंधर, तिकडं राजा रविवर्मा, यांनी पुराणातले देव त्या पद्धतीत उभे केले. छायाप्रकाश, साडीची चुणी, दागिन्यांची झळाळी यावर आमच्या अभिजात समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. चित्र कशाचं बनतं, यावर चकार शब्द नाही.

मग आपणच मोजू. कापड विणकराचं. सरस कातड्याचा. तेल जवसाचं. एक काळा रंग हाडं जाळून केलेला. जाड कुंचल्याचे केस डुकराचे. ज्या कामामुळं आपल्या आज्यापणज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच कामातला माल देवीच्या गालावर फिरतो. रसिकाला विटाळ झाला नाही, कारण माल विलायती डब्यातून आला. सातासमुद्रापार उकळलेलं कातडं शुद्ध, गावाबाहेर उकळलेलं अपवित्र! हे सौंदर्यशास्त्र नव्हे, हे जातिशास्त्र आहे.

बडोद्याच्या सयाजीरावांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला बाबासाहेब अमेरिकेला गेले. १९१७ ला ते बडोद्यात नोकरीला आले, तर नाव लपवून पारशी सरायीत राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं. रंगवलेल्या देवांना राजवाड्यात भिंत मिळाली, जित्या माणसाला गावात खोली मिळाली नाही.

१८९४ ला रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला नेला. दगडावरून एकेक रंग छापून लक्ष्मी-सरस्वती झोपडीतही गेल्या. काही मित्र याला लोकशाही म्हणतात. मी म्हणतो, देवळाचं दार उघडलं नाही, देवाचं चित्र तेवढं विकलं. आणि ते दगड घासणाऱ्यांची नावं कुठायत?

पण मित्रांनो, हा सवाल आपल्यालाही लागू आहे. १४ एप्रिलला वस्तीत बाबासाहेबांचं मोठं चित्र लागायचं. मांजरपाटावर खडू-सरसाचं अस्तर देऊन आमचा पेंटर रात्रभर निळा कोट रंगवायचा. छायाप्रकाशाची पद्धत तीच, विलायती. आपण हार घातले, घोषणा दिल्या. कोपऱ्यातली त्याची सही किती जणांनी वाचली? फ्लेक्स आलं, त्याचा कुंचला वाळला. आपण त्याच्या घरी विचारायलाही गेलो नाही. मीही गेलो नाही.

कॅनव्हास फाडा असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांचा चेहरा आपल्याला त्याच पद्धतीनं दिलाय. पण चित्रापुढं उभे राहाल तेव्हा देव कोणता हे नंतर विचारा. आधी विचारा, कापड कोणी विणलं, सरस कोणी उकळला, मजुरी काय मिळाली. आणि या जयंतीला आपल्या वस्तीतल्या पेंटरांची नावं लिहायला घ्या. ती यादी हीच आपली पहिली कलासमीक्षा.