आधारस्वर कोणाचा? : न्यूयॉर्क शहरातील ड्रोन संगीताची समीक्षा

प्रस्तावना

भारतीय मैफलीत गायनास प्रारंभ होण्यापूर्वी तानपुरे जुळविले जातात. श्रोता तानपुरा ऐकत असतो; परंतु तानपुरा ऐकण्यासाठी म्हणून तो मैफलीस जात नाही. न्यूयॉर्क शहरात मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांत असा एक संगीतप्रवाह रुजला आहे की, ज्यात हा अखंड आधारस्वर हीच संपूर्ण रचना असते. त्यास 'ड्रोन' असे म्हणतात. त्याच्या एका बाजूस 'नॉइज' म्हणजे गोंगाटाचे संगीत आणि दुसऱ्या बाजूस 'ॲम्बियंट' म्हणजे परिसरात मिसळून जाणारे संगीत आहे. या प्रवाहाविषयी आपल्याकडील रसिकांच्या बोलण्यात दोन मते ऐकू येतात. एक, हे संगीतच नव्हे. दुसरे, हे मूळचे आपलेच आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी केली असून, त्यांमागे दडलेला आधारस्वराच्या स्वामित्वाचा प्रश्न पुढे मांडला आहे.

उगम आणि किराणा घराण्याचा संबंध

या प्रवाहाचे अध्वर्यू ला मॉन्टे यंग यांचा जन्म १९३५ मध्ये आयडाहो राज्यातील एका खेड्यात झाला. लाकडी घराच्या फटींतून येणारा वारा आणि विजेच्या रोहित्राची गुणगुण या बालपणीच्या आठवणींचा उल्लेख त्यांनी अनेकदा केला आहे. १९५८ च्या तंतुवाद्य-त्रयीत त्यांनी अतिदीर्घ स्वर योजिले. १९६० च्या एका रचनेत तर केवळ दोनच स्वर आहेत आणि ते दीर्घकाळ धरून ठेवावेत एवढीच सूचना आहे. त्या दोन स्वरांतील अंतर षड्ज-पंचमाचे आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पंडित प्राणनाथ अमेरिकेत आले ते १९७० मध्ये. उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे हे शिष्य किराणा घराण्याचे गायक होते. यंग, त्यांच्या पत्नी मारियन झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या मिरजेतील वास्तव्यामुळे महाराष्ट्राला किराणा घराणे परके नाही; त्यामुळे ही परंपरा थेट न्यूयॉर्कला पोचली, असे मानण्याचा मोह होतो. परंतु कालक्रम त्यास दुजोरा देत नाही. गुरू भेटण्यापूर्वी दहा-बारा वर्षे यंग दीर्घस्वराकडे वळले होते. उस्ताद अली अकबर खाँ यांची १९५५ ची ध्वनिमुद्रिका व तीतील तानपुरा त्यांनी ऐकला होता, हेही खरे. म्हणजे प्रभाव आहे, पण तो एकमेव नाही. गुरूकडून त्यांना लाभली ती स्वराच्या अंतरंगात शिरण्याची शिस्त. दीर्घस्वर त्यांच्यापाशी आधीच होता.

शहराचा षड्ज

१९६० च्या दशकात यंग, झझीला, टोनी कॉनरॅड व जॉन केल यांचा 'थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक' हा गट तासन्‌तास एकत्र वाजवीत असे. अमेरिकेतील वीजप्रवाहाची वारंवारिता ६० हर्ट्‌झ आहे. घराघरांतील यंत्रांतून तीच गुणगुण ऐकू येते. या गटाने आपले स्वर त्या गुणगुणीशी जुळविले. शहरानेच षड्ज द्यावा आणि गायक-वादकांनी तो स्वीकारावा, ही कल्पना 'हे संगीतच नव्हे' या मताला उत्तर देणारी आहे. स्वर निवडणे, तो गुणोत्तरांनुसार शुद्ध जुळविणे व स्थिर राखणे या तिन्ही क्रिया आपण तानपुऱ्याबाबत संगीताचाच भाग मानतो.

फिल निब्लॉक (१९३३-२०२४) यांनी वेगळी वाट धरली. वाद्यांच्या ध्वनिमुद्रणातून श्वासाच्या जागा काढून टाकून, अत्यल्प फरकाचे अनेक स्वर ते एकावर एक रचीत. ४४० व ४४२ हर्ट्‌झचे स्वर एकत्र वाजले, तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. अशा ठोक्यांची दाट वीण हीच त्यांची रचना. रीस चॅटम यांनी १९७७ च्या 'गिटार ट्रायो'मध्ये हाच विचार विद्युत गिटारींवर आणला. पुढे २००४ पासून काही वर्षे ब्रुकलिन परिसरात भरलेल्या 'नो फन फेस्ट'मध्ये नॉइज कलावंत एकत्र आले. तिन्ही प्रकारांतील भेद श्रोत्याच्या अवधानाचा आहे : ॲम्बियंट दुर्लक्षाला मुभा देते, ड्रोन अवधान मागते आणि नॉइज दुर्लक्ष अशक्य करते. येथेच एक दोषही नोंदविला पाहिजे. प्रचंड आवाज हे अवधान मिळविण्याचे सोपे साधन आहे. त्यात श्रोत्याच्या कानांवर सक्ती होते आणि स्वराचे सूक्ष्म भेदही कित्येकदा हरवतात.

या संगीताला दीर्घ वेळ व मोकळी जागा लागते. मॅनहॅटनमधील ओस पडलेल्या कारखान्यांचे स्वस्त मजले नसते, तर ते वाढले नसते. निब्लॉक यांच्या सेंटर स्ट्रीटवरील राहत्या जागेतच अनेक दशके मैफली होत. जागा महागल्या तशी ही चळवळ ब्रुकलिनकडे सरकली. 'रूलेट' ही १९७८ ची संस्थाही २०११ मध्ये तिकडे गेली.

स्वामित्वाचा प्रश्न

मूळ गटाच्या ध्वनिफिती यंग यांच्या ताब्यात राहिल्या. रचना आपली आहे, असे त्यांचे म्हणणे; तर ती सर्वांची सामूहिक निर्मिती होती, असे कॉनरॅड व केल यांचे. २००० मध्ये १९६५ चे एक मुद्रण यंग यांच्या संमतीविना प्रसिद्ध झाले आणि वाद उघड झाला. कॉनरॅड २०१६ मध्ये निवर्तले. लिखित संहिता जवळजवळ नसलेल्या व प्रत्येकाच्या स्वराने घडलेल्या नादावर एकाचेच नाव असावे काय? प्रस्तुत लेखकास कॉनरॅड यांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. आरंभीची कल्पना यंग यांची होती, हे मान्य केले तरी चौघांच्या एकत्र श्रवणातून जे घडले, ते त्या कल्पनेहून अधिक होते.

निष्कर्ष

हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे गायकामागे बसून दोन-तीन तास स्वर राखणाऱ्या शिष्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत सहसा नसते. अनेक महाविद्यालयांच्या संगीतवर्गांत तर त्या शिष्याची जागा विजेच्या पेटीने घेतली आहे. न्यूयॉर्कच्या संगीतात आपला वारसा शोधण्यापेक्षा, आपण ज्यास केवळ पार्श्वभूमी मानली त्या स्वराकडे त्या शहराने पूर्ण लक्ष दिले, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. विद्यार्थ्यांना गायनापूर्वी काही काळ केवळ तानपुरा ऐकावयास बसविणे आणि तो छेडणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापणे, एवढा बोध घेतला तरी ही तुलना सार्थ ठरेल.