शेडकार्डावरची निळाई

रील्समधलं 'व्हिंटेज' घर एव्हाना पाठ झालंय: फिकट निळी भिंत, लाकडी खुंटी, पितळी तांब्या. दिसतं छानच. पण पाचोऱ्यासारख्या गावांतल्या जुन्या घरांची निळाई निव्वळ आवडीतून आलेली नव्हती. चुना तीव्र अल्कली. त्यात बरेच रंग उडून जातात. नीळ, गेरू, पिवळी माती टिकतात. म्हणून भिंतींवर फिरून फिरून तेच रंग. शिवाय चुन्यातून ओल बाहेर पडू शकते, आणि खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींना तेच मानवतं. त्याच भिंतीवर तशाच निळ्या शेडचं प्लॅस्टिक इमल्शन लावलं, तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू आठवा. हातात ब्रश, डब्यातून ओघळणारा रंग. त्या चित्रात रंग लावणं हे काम होतं, पसाऱ्यासकट. आजच्या 'व्हिंटेज'मधून दिवाळीआधी चुना भिजवणारे, त्याने सोललेले हात गाळलेले आहेत. माझा आक्षेप तिथेच आहे. जुना रंग हवाच असेल, तर शेडच्या नंबरासोबत आपली भिंत कशाची आहे आणि ती दरवर्षी कोण रंगवणार, हेही विचारायला हवं.