गांगगांगसुल्ले : कथा आणि फेर

कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, मुख्यतः हेनाम व जिन्दो या भागांत, चुसोक सणाच्या पौर्णिमेस स्त्रिया हातांत हात गुंफून फेर धरीत. त्या नृत्यगीताचें नांव गांगगांगसुल्ले. त्याच्या उत्पत्तीची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. १५९२ ते १५९८ या काळांतील जपानी स्वाऱ्यांच्या वेळीं दर्यासारंग यी सुन-शिन यानें स्त्रियांस सैनिकांचा वेष देऊन डोंगरावर फेर धरावयास लाविलें, व शत्रूस आपलें सैन्य अफाट असल्याचें भासविलें! कथा रम्य आहे. परंतु नृत्याचें मर्म तिच्यांत आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

तें मर्म चुसोकच्या रात्रींत आहे. एरव्हीं खेड्यांतील तरुण स्त्रीस मोठ्यानें गाण्याची किंवा रात्रीं बाहेर पडण्याची मुभा नसे. ती या सणास मिळे. कथा तिला युद्धाच्या कामीं लाविते. नृत्यांत ती कोणाच्याच कामाची नसते, आणि हेंच त्याचें मोठेपण होय.

रचनाही याच भावनेस अनुकूल आहे. एक गायिका पद उचलते, बाकीच्या ‘गांगगांगसुल्ले’ हें ध्रुपद म्हणतात. लय प्रथम विलंबित, मग मध्यम, शेवटीं द्रुत होते. चालणारीं पावलें धांवूं लागतात. मध्येंच फेर मोडून खेळ रंगतात : मासे दोरींत ओंवणें, चटई गुंडाळणें, वांकलेल्या पाठींच्या कौलांवरून एकीनें चालत जाणें. वर्षभर अंग मोडणारीं कामें येथें हंसण्याचा विषय होतात.

१९६६ सालीं कोरियन सरकारनें या नृत्यास राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २००९ मध्यें युनेस्कोनेंही त्याची नोंद घेतली. जतनाचा हा प्रयत्न स्तुत्यच आहे. मात्र रंगमंचावर तें आणतांना एक अडचण उभी राहते. फेरास समोरची बाजू नसते. नाचणारींचीं तोंडें एकमेकींकडे व पाठी बघणाराकडे असतात. रंगमंच मागतो तो दर्शनी भाग फेराजवळ नाहींच. तो उसना आणिला, कीं उरते ती सुबक कवाईत. मग दर्यासारंगाची कथाच खरी ठरावयाची!

म्हणून प्राथमिक शाळांच्या संगीतशिक्षणांत या नृत्यास मिळालेलें स्थान आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. तेथें मुलें तें पाहत नाहींत, स्वतः नाचतात. आणि आंत शिरल्यावांचून हा फेर कोणास कळावयाचा नाहीं.