ताण, नातेसंबंध आणि हृदयारोग्यातील वांशिक विषमता : ‘जॉन हेन्रीवाद’ या सिद्धान्ताची चिकित्सा

प्रस्तावना :

अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक आहे. हा विकार त्यांना तुलनेने कमी वयात जडतो आणि त्यातून उद्भवणारे हृदयविकार व पक्षाघात त्यांच्यात अधिक बळी घेतात. ही वस्तुस्थिती वादातीत आहे. वाद आहे तो तिच्या कारणांविषयी. दीर्घकाळ हे कारण वंशात, म्हणजेच जन्मजात शरीरप्रकृतीत शोधले गेले. या दृष्टीला ज्या सिद्धान्तांनी आव्हान दिले, त्यांत साथरोगशास्त्रज्ञ शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या ‘जॉन हेन्रीवादा’चे स्थान महत्त्वाचे आहे. या सिद्धान्ताचे सामर्थ्य कशात आहे आणि सामाजिक नातेसंबंधांच्या संदर्भात तो कोठे अपुरा पडतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वंशाधारित स्पष्टीकरणाची मर्यादा :

रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या लोकसमूहांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के, तर अमेरिकेत ३३ टक्के आढळले. पूर्वज समान, परंतु भूमी बदलली की रोगाचे प्रमाण बदलते, असा याचा अर्थ होतो. या चढत्या क्रमात वाढते वजन आणि आहारातील मीठ यांचाही मोठा वाटा होता. त्यामुळे केवळ या आकड्यांवरून ताणाचा सिद्धान्त सिद्ध होत नाही. मात्र ‘कृष्णवर्णीय रक्तातच दोष आहे’ हे गृहीतक त्यामुळे निश्चितच डळमळीत होते.

असे असूनही जून २००५ मध्ये ‘बायडिल’ हे हृदयविकारावरील औषध अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने स्वतःस कृष्णवर्णीय म्हणविणाऱ्या रुग्णांसाठी संमत केले. ज्या चाचणीच्या आधारे ही संमती मिळाली, तिच्यात मृत्युदर ४३ टक्क्यांनी घटला होता; म्हणजे औषधाची उपयुक्तता खरी होती. परंतु चाचणीतील सर्व १,०५० रुग्ण कृष्णवर्णीयच होते. इतरांवर औषधाचा परिणाम वेगळा होतो, हे या चाचणीने दाखविलेच नव्हते. औषधाच्या वेष्टनावर मात्र वंशाची मोहोर उमटली.

जेम्स यांची मांडणी :

जेम्स यांच्या सिद्धान्ताचा उगम जॉन हेन्री मार्टिन या उत्तर कॅरोलिनातील शेतकऱ्याच्या जीवनकथेत आहे. १९०७ मध्ये अत्यंत गरीब बटाईदार कुटुंबात जन्मलेल्या मार्टिन यांनी अथक कष्ट करून जमीनदाराच्या कर्जातून स्वतःची सुटका करून घेतली आणि चाळिशीपर्यंत ७५ एकर जमीन मिळविली. परंतु पन्नाशीच्या उत्तरार्धात उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटातील तीव्र व्रण यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. त्यांचे नाव लोककथेतील जॉन हेन्रीशी जुळत होते. हा कृष्णवर्णीय कामगार वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच कोसळून मरतो. लोकपरंपरेने त्याच्या विजयाचा गौरव केला. जेम्स यांनी त्या विजयाच्या किमतीकडे लक्ष वेधले.

त्यांचे सूत्र असे : प्रतिकूल परिस्थितीशी सातत्याने, निकराने झुंजण्याची वृत्ती असेल आणि हाती शिक्षण, उत्पन्न, प्रतिष्ठा ही साधने नसतील, तर रक्तदाब वाढतो. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात अशी तीव्र वृत्ती असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी निम्न आर्थिक स्तरात उच्च रक्तदाबाचे प्रमाण उच्च स्तराच्या जवळपास तिप्पट आढळले. नंतरच्या सर्व अभ्यासांत हे सूत्र सारखेच टिकले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी सुसंगत आहे. संकटसमयी ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो. संकट टळल्यावर शरीर पूर्वस्थितीला येते. संकट टळतच नसेल, तर ही तात्पुरती सज्जता कायमची होते आणि रक्तवाहिन्यांची झीज सुरू होते. ब्रूस मॅकएवन यांनी या साचत जाणाऱ्या झिजेला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले.

सिद्धान्तातील उणीव :

जॉन हेन्रीवाद मोजण्यासाठी जेम्स यांनी बारा विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यातील विधाने व्यक्तीचा निर्धार, चिकाटी आणि कष्टांवरील विश्वास यांविषयी आहेत. मार्टिन यांच्या कथेत मात्र केवळ मार्टिन नाहीत. तेथे जमीनदार आहे, कर्ज आहे, ज्यांच्यासाठी ते फेडायचे ती मुलेबाळे आहेत. कथा नातेसंबंधांची आहे. मोजमाप मात्र एकट्या माणसाचे होते. कारण समाजात आहे असे सांगणारा सिद्धान्त मोजणीच्या क्षणी ते व्यक्तीच्या स्वभावात शोधू लागतो, हा यातील मूलभूत अंतर्विरोध होय.

ही उणीव किती महत्त्वाची आहे, हे अन्य संशोधनातून स्पष्ट होते. नॅन्सी क्रीगर आणि स्टीफन सिडनी यांच्या १९९६ मधील अभ्यासात श्रमिक कृष्णवर्णीयांपैकी ‘भेदभाव कधीच अनुभवला नाही’ असे सांगणाऱ्यांचा रक्तदाब, थोडाफार भेदभाव अनुभवून त्याला विरोध करणाऱ्यांपेक्षा अधिक होता. न उच्चारलेला अपमानही शरीरात नोंदला जातो, असे यावरून अनुमान करता येते. आर्लीन जेरोनिमस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवरील संचित शारीरिक भार गरीब श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षाही अधिक आहे. साधने हाती आली की धोका सरतो, हा जेम्स यांच्या सूत्रातून निघणारा दिलासा येथे अपुरा ठरतो.

आप्तसंबंधांचे चित्रही एकरंगी नाही. बर्कमन आणि साइम यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्याच्या पाहणीतून सामाजिक बंध तुटलेल्यांचा मृत्युदर दुपटीहून अधिक असल्याचे सिद्ध केले. तेव्हापासून ‘नाती तारतात’ हे सार्वजनिक आरोग्याचे सूत्रच झाले. परंतु कॅरल स्टॅक यांच्या १९७४ मधील ‘ऑल अवर किन’ या ग्रंथात गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील देवाणघेवाणीचे जे जाळे दिसते, ते तारते तसेच ओढूनही घेते. एखाद्या कुटुंबाच्या हाती चार पैसे आले की ते गोतावळ्याच्या गरजांत वाटले जातात. आधार देणारा आणि आधार मागणारा हे एकच माणूस असते. नात्यांची केवळ संख्या मोजणाऱ्या अभ्यासांना हा भार दिसत नाही.

नात्यांचा उपयोग आणि मर्यादा :

या संदर्भात रोनाल्ड व्हिक्टर यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला लॉस एंजेलिस परिसरातील प्रयोग उद्‌बोधक आहे. कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांतील ३१९ नियमित ग्राहक त्यात सहभागी होते. काही दुकानांत केशकर्तकाने फक्त आहार-विहाराचा सल्ला देऊन डॉक्टरांकडे जाण्याची शिफारस केली. इतर दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन औषधे सुरू करीत. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी ९.३ ने, तर दुसऱ्या गटात २७ ने घटला. विश्वासाच्या माणसाचा शब्द दोन्हीकडे होता. मोठा फरक पडला तो त्या विश्वासाच्या जागी प्रत्यक्ष उपचार पोहोचल्यामुळे. नाते हे सेवेपर्यंत नेणारी वाट होऊ शकते, सेवेचा पर्याय होऊ शकत नाही.

समारोप :

हृदयविकारातील वांशिक विषमतेचा प्रश्न रक्तातून काढून समाजात आणला, हे जेम्स यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ताण हा व्यक्तीचा गुणधर्म मानला, की उपायही व्यक्तीलाच सांगितले जातात : मन शांत ठेवा, श्वासावर लक्ष द्या, आप्तांशी बोला. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला विश्रांतीचा उपदेश, आणि कर्ज देणाऱ्याविषयी मौन, असे त्याचे स्वरूप होते. ताण हा दोन पक्षांमधील विषम संबंधाचा शारीरिक परिणाम आहे, असे मानले तरच संशोधनाची दृष्टी मार्टिन यांच्या छातीवरून त्यांच्या जमीनदाराच्या हिशेबवहीकडे वळेल. जॉन हेन्रीच्या हृदयाची तपासणी आवश्यक आहेच. त्याला यंत्राशी पैज लावावी लागणारी व्यवस्थाही तितक्याच काटेकोरपणे तपासली गेली पाहिजे.